एकाच वेळी म्हणजे काय? डाळ निवडणाऱ्या यंत्राचा डोळा



आज घरी गेल्यावर तुरीच्या डाळीची पिशवी बघा. बऱ्याच पिशव्यांवर ‘सॉर्टेक्स’ असा शब्द छापलेला असतो. मुळात हे एका ब्रिटिश कंपनीच्या यंत्रांचं नाव. झेरॉक्सचं झालं तसंच याचं झालं, आणि आता कुठल्याही कंपनीचं कलर सॉर्टर असलं तरी मिलवाले त्याला सॉर्टेक्सच म्हणतात. यंत्राचं काम आपल्या आज्या-पणज्या सुपात करायच्या तेच. खडा, काळा दाणा, टरफल, किडका दाणा बाजूला काढायचा. फरक इतकाच की आजी एक सूप निवडायला पाच मिनिटं घ्यायची, आणि हे यंत्र दाणा हवेत पडत असताना त्याचा निकाल लावतं.

आता हा विषय आमच्याकडे कसा आला ते सांगतो. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यातही तर्कशास्त्र आणि न्यायदर्शन. हार्डवेअरशी संबंध शून्य. पण आमचा भाचा एम्बेडेड हार्डवेअरचं काम करतो. एम्बेडेड म्हणजे यंत्राच्या पोटातच बसवलेला संगणक. त्याला कीबोर्ड नाही, त्याच्यावर सिनेमा बघता येत नाही, त्याला एकच काम नेमून दिलेलं असतं. काही वर्षांपूर्वी मराठवाड्यातल्या एका डाळ मिलमधून त्याला बोलावणं आलं. तो म्हणाला, “मामा, येता का? तुमच्या कामाचं काही सापडेल.” आम्ही गेलो, आणि खरंच सापडलं.

मिलमधली तक्रार

मिलमध्ये एक जुनं सॉर्टर होतं. त्याचं इलेक्ट्रॉनिक्स बिघडल्यावर कुणीतरी स्वस्तात त्याला साधा संगणक आणि नवा कॅमेरा जोडून दिला होता. यंत्र चालायचं. पण मधूनच चांगल्या डाळीत काळे दाणे उतरायचे आणि रिजेक्टच्या पोत्यात चांगली डाळ जायची. शेठनी व्हॉल्व्ह बदलले, नोझल बदलले, कॉम्प्रेसर तपासून घेतला. फरक पडेना.

यंत्राच्या पुढे पट्ट्यावर सहा बाया बसायच्या. यंत्रातून सुटलेला माल हातानं निवडायचं त्यांचं काम. शेवटच्या मालात काळे दाणे सापडले की शेठ त्यांची मजुरी कापायचे. “यंत्र तर नवं केलंय, मग चूक तुमचीच,” असा त्यांचा हिशोब. म्हणजे प्रश्न केवळ डाळीचा नव्हता. चूक कुणाची, हा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर चुकीच्या माणसांच्या पगारातून वसूल होत होतं.

ही गोष्ट आपण इथे ठेवू. तिचं उत्तर समजायचं तर आधी यंत्र समजून घ्यायला हवं.

दाणा पडतो तेवढ्यात

वर एक हॉपर असतो. त्याखालचा थरथरणारा पत्रा डाळ एकसारखी पुढे सोडतो. ती एका उतरत्या घसरगुंडीवरून, म्हणजे च्यूटवरून घसरत येते आणि खालच्या टोकाशी पातळ पडद्यासारखी हवेत सुटते. तिथे पुढून आणि मागून दिवे आणि कॅमेरे असतात. थोडं खाली बारीक नोझलची एक ओळ असते. खराब दाणा समोर आला की त्याच्यासमोरचं नोझल क्षणभर हवेचा फटका मारतं आणि दाणा बाजूला उडतो. बाकीचे सरळ खाली जातात.

हिशोबासाठी आपण काही आकडे धरू. यंत्रागणिक ते बदलतात, पण अंदाज यायला पुरेसे आहेत. सुमारे अर्धा मीटर सरळ पडलेल्या वस्तूचा वेग सेकंदाला तीन मीटरच्या आसपास होतो. आपला दाणाही तेवढ्याच वेगानं कॅमेऱ्यासमोरून जातोय असं समजू. कॅमेऱ्यापासून नोझल ९ सेंटिमीटर खाली आहे. म्हणजे दाणा दिसल्यापासून नोझलसमोर यायला सुमारे ३० मिलिसेकंद लागतात. आपली पापणी लवायला याच्या तिप्पट तरी वेळ लागतो.

आता एक गंमत बघा. आम्हाला सुरुवातीला वाटलं होतं की ‘रिअल-टाइम’ म्हणजे फार वेगवान. भाच्यानं लगेच दुरुस्त केलं. यंत्रानं ५ मिलिसेकंदांत निकाल काढला आणि लगेच फटका मारला, तर काय होईल? आपला दाणा अजून वरच असेल, आणि नोझलसमोर असलेला दुसराच, बिचारा चांगला दाणा उडेल. उशीर झाला तर मागून येणारा उडेल. एका मिलिसेकंदात दाणा ३ मिलिमीटर सरकतो. तुरीच्या डाळीचा दाणा साधारण ५ मिलिमीटरचा. म्हणजे दोन मिलिसेकंदांची चूक झाली की शिक्षा शेजाऱ्याला!

तेव्हा रिअल-टाइम म्हणजे लवकर नव्हे, तर वेळेवर. गणितात उत्तर बरोबर असलं की ते बरोबर, मग ते आज काढा की उद्या. इथे तसं नाही. ‘हा दाणा काळा आहे’ हे विधान शंभर टक्के खरं असूनही ते ३५व्या मिलिसेकंदाला आलं, तर ते चुकीचंच उत्तर. तर्कशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला हे पचवायला जरा वेळ लागतो, कारण आमच्या विधानांना सहसा घड्याळ नसतं.

चार कोटी ठिपके

आता कामाचा आवाका बघू. असे कॅमेरे आपल्या मोबाइलसारखे पूर्ण फोटो काढत नाहीत. ते एकच आडवी ओळ बघतात आणि ती पुन:पुन्हा बघतात. दाणा स्वतःच खाली सरकत असल्यामुळे ओळीखाली ओळ लागत चित्र तयार होतं. समजा च्यूट ३० सेंटिमीटर रुंद आहे आणि एका ओळीत २,०४८ ठिपके, म्हणजे पिक्सेल आहेत. एक पिक्सेल झाला साधारण ०.१५ मिलिमीटरचा. उभ्या दिशेलाही तेवढंच बारीक दिसायला हवं तर सेकंदाला २०,००० ओळी वाचाव्या लागतात. एका ओळीला ५० मायक्रोसेकंद.

गुणाकार करा. एका कॅमेऱ्याचे सेकंदाला सुमारे ४ कोटी १० लाख पिक्सेल. पुढचा आणि मागचा मिळून ८ कोटींच्या वर. प्रत्येक पिक्सेलचे लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे. म्हणजे दर सेकंदाला जवळजवळ २५ कोटी आकडे, आणि हे सगळं एकाच च्यूटसाठी. मोठ्या यंत्रात अशा अनेक च्यूट शेजारीशेजारी असतात.

एक साधा प्रोसेसर घ्या, ज्याच्या घड्याळाचे सेकंदाला १०० कोटी ठोके पडतात. प्रत्येक पिक्सेलच्या वाट्याला आले बारा ठोके. आणि चित्रातली खरखर कमी करायची एक साधी पायरी म्हटली, तरी प्रत्येक पिक्सेलसाठी त्याचा स्वतःचा आणि आजूबाजूच्या आठांचा, असे नऊ गुणाकार लागतात. तीन रंगांचे सत्तावीस. बारा ठोक्यांत हे एकेक करून होत नाही. आजचे मोठे संगणक याहून बरेच ताकदवान असतात, एका च्यूटचा हिशोब ते सरासरीनं जमवतातही. हा ‘सरासरीनं’ शब्द लक्षात ठेवा. मिलमधलं दुखणं त्यातच होतं.

पंगत

मग उपाय काय? कामं एकाच वेळी करायची. पण ‘एकाच वेळी’ म्हणजे नेमकं काय?

न्यायशास्त्रात यावर फार जुनी चर्चा आहे. नैयायिकांच्या मते मन अणूएवढं आहे, एका क्षणी एकाच इंद्रियाशी त्याचा संबंध येतो, त्यामुळे दोन ज्ञानं एकाच वेळी होत नाहीत. यावर आक्षेप असा, की लांबट कुरकुरीत खाद्य खाताना तर रूप, वास, चव, स्पर्श आणि आवाज सगळं एकदमच कळतं! नैयायिक उत्तर देतात, तो भास आहे. शंभर कमळपत्रं एकावर एक ठेवून सुईनं टोचली तर ती एकदम टोचली गेली असं वाटतं, पण सुई गेलेली असते एकेका पानातून क्रमानंच. सांख्यांनी मात्र एकदम आणि क्रमानं, दोन्ही प्रकार मान्य केले.

आपला नेहमीचा प्रोसेसर म्हणजे ही सुई. तुम्ही गाणं ऐकता, टाइप करता, पडद्यावर घड्याळ चालतं. सगळं एकदम चालल्यासारखं वाटतं, पण एक कोअर या कामांतून त्या कामांत उड्या मारत असतो. समांतर हार्डवेअर म्हणजे एक सुई जोरात मारणं नव्हे. ज्या पानांना खरोखर स्वतंत्रपणे टोचता येईल, त्यांना स्वतःची सुई देणं.

यासाठी जी चिप वापरतात तिला एफपीजीए म्हणतात. हजारो छोटे तर्क-घटक आणि त्यांना हव्या तशा जोडता येणाऱ्या तारा, असं तिचं स्वरूप. अशी पहिली व्यापारी चिप १९८५ साली आली, तिच्यात असे ६४ घटक होते. आज लाखांनी असतात. प्रोसेसरला आपण आज्ञा देतो, ‘आधी हे कर, मग ते कर’. एफपीजीएत आज्ञा नसतात, आपण मंडलच बांधतो. सत्तावीस गुणाकार हवेत, तर सत्तावीस गुणक शेजारीशेजारी मांडायचे. तिचं घड्याळ प्रोसेसरहून मंद असतं, समजा सेकंदाला १० कोटी ठोके. पण दर ठोक्याला एक पिक्सेल आत जातो आणि दर ठोक्याला एक तयार निकाल बाहेर पडतो. ४ कोटींची गरज, १० कोटींची क्षमता. दहापट मंद घड्याळ असूनही काम आरामात होतं.

हे कसं, ते पंगतीवरून समजेल. लग्नाच्या पंगतीत एकच वाढपी प्रत्येक पानापाशी थांबून मीठ, चटणी, कोशिंबीर, भाजी, भात, वरण सगळं वाढून मग पुढच्या पानाकडे गेला, तर शेवटचा पाहुणा उठून जाईल. आपण तसं करत नाही. मीठवाला पुढे, त्याच्यामागे चटणीवाला, त्याच्यामागे भाजीवाला. प्रत्येकाच्या हातात एकच पदार्थ, आणि सगळे एकाच वेळी चालत असतात, वेगवेगळ्या पानांपाशी. हीच पाइपलाइन. आणि चार रांगांना वाढप्यांचे चार संच दिले, की ती दुसऱ्या प्रकारची समांतरता. पहिली कामाचे टप्पे वाटते, दुसरी पानं वाटते. सॉर्टरमध्ये दोन्ही असतात.

कुंभाराचं गाढव

आता अवघड भाग. कुठली कामं अशी वाटता येतात आणि कुठली नाहीत?

पंगतीत भाताआधी वरण वाढून चालत नाही, पण चटणी कोशिंबिरीच्या आधी आली की नंतर, यानं काही बिघडत नाही. म्हणजे काही क्रम खरे असतात आणि काही नुसते सवयीचे. हा फरक ओळखणं, हीच समांतर रचनेतली मुख्य विद्या आहे असं आमचं मत झालंय. आणि इथे नैयायिक थेट उपयोगी पडतात.

कारण कशाला म्हणायचं? कार्याच्या आधी जे नेमानं असतं त्याला. पण आधी असणारं सगळंच कारण नसतं. कुंभार घडा करतो, त्याआधी गाढव माती वाहून आणतं. घड्याच्या आधी गाढव होतं हे खरं, तरी ते घड्याचं कारण नव्हे. माती बैलगाडीतूनही आली असती. शास्त्रात याला अन्यथासिद्ध म्हणतात.

आपण प्रोग्रॅम लिहितो तेव्हा ओळीखाली ओळ येते. पहिली ओळ दुसरीच्या आधी आहे, पण ती दुसरीचं कारण आहे का? की नुसतं गाढव? हार्डवेअर रचणारा हेच विचारत बसतो. जिथे गाढव सापडेल तिथे क्रम मोडता येतो, कामं शेजारीशेजारी मांडता येतात. जिथे खरं कारण आहे तिथे कितीही चिपा लावा, थांबावंच लागतं.

सॉर्टरची कामं या कसोटीवर लावून बघू.

पहिलं, रंग तपासणं. या पिक्सेलचा लाल-हिरवा किती, हे ठरवायला दुसऱ्या कुठल्याच पिक्सेलची गरज नाही. संपूर्ण स्वातंत्र्य. लंडनमध्ये १९८०च्या सुमारास क्लिप-४ नावाचं यंत्र केलं होतं, ९६ गुणिले ९६ पिक्सेल, आणि प्रत्येक पिक्सेलला स्वतःचा छोटा प्रोसेसर, एकूण ९,२१६! विचार तिथेच टोकाला गेला होता.

दुसरं, शेजाऱ्यांना विचारून करायचं काम, म्हणजे मघाचे नऊ गुणाकार. इथे थोडं अवलंबित्व आहे. पण त्यासाठी पूर्ण चित्र साठवायची गरज नाही. मागच्या दोन ओळी जवळ ठेवल्या आणि तिसरी येऊ लागली की काम सुरू. २,०४८ पिक्सेल, तीन रंग, दोन ओळी म्हणजे सुमारे १२ किलोबाइट स्मृती, ती चिपच्या पोटातच मावते. बाहेरच्या मेमरीकडे हात पसरायचा नाही. हे महत्त्वाचं, कारण समांतर यंत्रांमध्ये गुणाकारापेक्षा आकड्यांची ने-आण महाग पडते. वाढपी शंभर असले आणि भाताचं पातेलं एकच, तर गर्दी पातेल्यापाशीच होणार.

तिसरं काम, ‘हा काळा डाग कुठल्या दाण्याचा?’ इथे घोडं अडतं. वाकडं टरफल खाली पडतंय असं समजा. कॅमेऱ्यासमोर आधी त्याची दोन टोकं येतात, आणि त्या दोन वेगळ्या वस्तू वाटतात. काही ओळींनंतर मधला भाग येतो आणि कळतं की दोन्ही एकच. हे शेवटची ओळ येण्याआधी कुणालाच कळणार नाही. इथे आधीचं ते खरंच कारण आहे.

जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ साली याच मर्यादेचा हिशोब मांडला. कामाचा नव्वद टक्के भाग वाटता आला आणि दहा टक्के क्रमानंच करावा लागला, तर कितीही यंत्रं लावा, एकूण वेग दहापटींच्या पुढे जात नाही. म्हणून चांगला अभियंता ते दहा टक्के कमी कसे होतील हे बघतो. उदाहरणार्थ, पूर्ण दाण्याचा आकार हवाच कशाला? नोझलच्या टप्प्यात काळे पिक्सेल किती आले एवढं मोजून भागत असेल, तर प्रश्नच सोपा झाला.

अशी काटकसर पदोपदी करतात. लाल आणि हिरव्याचं गुणोत्तर ठरावीक मर्यादेपेक्षा मोठं आहे का, हे तपासायला भागाकार लागतो, आणि हार्डवेअरमध्ये भागाकार महाग. मग ‘लाल भागिले हिरवा’ न करता, हिरव्याला मर्यादेनं गुणायचं आणि लाल त्याहून मोठा आहे का एवढंच बघायचं. शाळेतली बीजगणिताची युक्ती, पण तिनं चिपची बरीच जागा वाचते.

बाहेर दाणा, आत निकाल

आम्हाला सर्वांत आवडलेला भाग फटका मारण्याचा. समजा ३० सेंटिमीटरमध्ये ६० नोझल आहेत, प्रत्येकी पाच मिलिमीटरचं. प्रत्येकाला वेगवेगळ्या क्षणी उघडायचंय. प्रोसेसर साठ घड्याळांकडे आळीपाळीनं बघत बसेल. हार्डवेअरमध्ये वेगळंच करता येतं.

चिपमध्ये एक लांब रांग करायची, ६०० खणांची. प्रत्येक खणात ६० जागा, प्रत्येक नोझलसाठी एक. दर ५० मायक्रोसेकंदांनी सगळी रांग एक खण पुढे सरकते. ६०० गुणिले ५० मायक्रोसेकंद, म्हणजे बरोबर ३० मिलिसेकंद. दाणा कॅमेऱ्यासमोर आला की रांगेच्या सुरुवातीला त्याचा खण उघडतो. निकाल तयार झाला की तो त्याच्या खणात टाकायचा, मग तो खण तोवर कितीही पुढे सरकलेला असो. व्हॉल्व्ह उघडायला जो थोडा वेळ लागतो तेवढे खण आधीच रांग संपवायची. बाहेर दाणा पडतोय, आत त्याच वेगानं त्याचा निकाल पडतोय, आणि दोघं नोझलपाशी भेटतात. निकाल लवकर लागला तरी तो आपल्या खणात बसून वाट बघतो. ही सगळी रांग साडेचार किलोबाइटांत मावते.

आपल्याकडे समांतर संगणन म्हटलं की पुण्याच्या सी-डॅकचा १९९१चा ‘परम ८०००’ आठवतो. तिथे उद्देश होता मोठं गणित कमी वेळात सोडवण्याचा. इथे गणित छोटंच आहे, पण ते दर वेळी, न चुकता, ठरल्या क्षणी व्हायला हवं. समांतरता तीच, धर्म वेगळा.

घोळक्यानं येणारे दाणे

आता मिलकडे परत जाऊ.

भाच्यानं पहिल्या दिवशी संगणकाचा वेळ मोजला. सरासरी १२ मिलिसेकंद. मर्यादा ३०ची. सगळं उत्तम! तो चक्रावला. दुपारी चहाच्या वेळी तो पट्ट्यावरच्या एका बाईंशी बोलत बसला. सहज विचारलं, “मावशी, काळे दाणे दिवसभर येतात का?” त्या म्हणाल्या, “न्हाई ओ. काळं दाणं सुटं सुटं येत न्हाईत. येतात तवा घोळक्यानं येतात, मग लई येळ एक बी न्हाई.”

आम्ही शेजारीच होतो. आमच्या आयुष्यातला अनुमानाचा सर्वांत सुंदर तास तो होता. रंगाची मर्यादा चुकली असती, तर चुका दिवसभर सारख्या विखुरलेल्या असत्या. नोझल तुंबलं असतं, तर चुका पट्ट्याच्या एकाच जागी आल्या असत्या. चुका घोळक्यानं येतात, म्हणजे यंत्राची नजर बरोबर आहे, हातही बरोबर आहे, पण अधूनमधून काही काळ ते वेळ चुकवतंय. आणि तेव्हाच रिजेक्टमध्ये चांगली डाळ जाते, तीही घोळक्यानं.

भाच्यानं सरासरी सोडून प्रत्येक ओळीचा वेळ वेगळा नोंदवला. बहुतेक वेळा १०-१२, पण मधूनच एकदम ५०, ६०. त्या वेळी संगणक दुसरंच काही करत असायचा, नोंदी डिस्कवर लिहिणं, पडद्यावरचं चित्र ताजं करणं. तेवढ्यात शेकडो दाण्यांचा निकाल उशिरा लागायचा आणि फटके शेजाऱ्यांना बसायचे. हजारो वेळेवर आणि थोडे उशिरा, यांची सरासरी छानच येणार.

उपाय असा केला की कॅमेरा आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये एफपीजीएचं बोर्ड बसवलं. निकाल आणि रांग त्याच्याकडे. संगणकाकडे फक्त पडदा आणि नोंदी राहिल्या. तो दमला, अडला, बंद पडला तरी दाण्यांचं काही बिघडत नाही. घोळके थांबले.

शेठनी कापलेली मजुरी पुढच्या आठवड्यात परत दिली. माफी मागितली नाही. पण निदान चूक कुणाची, हे सगळ्यांसमोर आलं. आणि ते शोधून काढलं ते पट्ट्यावरच्या बाईंनी. आमच्या भाच्याचं यंत्र फक्त दुजोरा देणारं ठरलं, हे तोही मान्य करतो.

ठरवतो कोण?

शेवटचा मुद्दा. यंत्राच्या पडद्यावर ‘सेन्सिटिव्हिटी’ नावाचा आकडा असतो. तो वाढवला की खराब दाणे कमी सुटतात, पण चांगले जास्त उडतात, कारण हवेचा फटका शेजाऱ्यालाही थोडा लागतोच. कमी केला की उलट. दोन्ही चुका शून्य होतील असा आकडा नाही. तो आकडा माणूसच टाकतो, बाजारभाव बघून.

म्हणून कुणी ‘यंत्रानं ठरवलं’ म्हणालं की आपण विचारावं, कुठला आकडा, कुणी टाकला, आणि चुकीची किंमत कोण देतंय? यंत्र ३० मिलिसेकंदांत फक्त अंमल करतं. निर्णय कधीच आधी झालेला असतो, शांतपणे, टेबलावर बसून. जबाबदारीही तिथेच असते.

प्रश्नोत्तरं

*प्रश्न: हल्ली सगळीकडे ग्राफिक्स कार्ड वापरतात. मग एफपीजीए कशाला?*

चांगला प्रश्न. ग्राफिक्स प्रोसेसरमध्येही हजारो गणक असतात, आणि दाण्याचा पोत, आकार शिकून ओळखणाऱ्या नव्या पद्धतींना ते सोयीचे आहेत. पण त्यांना माल गठ्ठ्यानं दिलेला आवडतो, एकेक ओळ नव्हे. शिवाय वीज आणि उष्णता. डाळ मिलमध्ये धूळ इतकी, की पंखा लावला तर तो महिन्यात भरून जातो. पेटी बंद हवी, म्हणजे आत उष्णता कमी हवी. म्हणून बरेचदा दोन्ही वापरतात. अवघड ओळख एकाकडे, वेळ पाळणं दुसऱ्याकडे.

*प्रश्न: यंत्र नीट चालू लागल्यावर त्या सहा बायांचं काय झालं?*

हे विचारलंत ते बरं केलं. दोघींना दुसरं काम दिलं, चौघी पट्ट्यावर राहिल्या. पण कायम राहतील असं आम्ही म्हणणार नाही. यंत्र चांगलं होत जाईल तसा हा प्रश्न टोकदार होत जाणार. आम्ही भाच्याला एवढंच म्हणालो, की तुझ्या यंत्राची चूक ज्यांना सर्वांत आधी दिसते, त्यांना पट्ट्यावरून उठवताना दहा वेळा विचार कर. तो म्हणाला, “मामा, ते माझ्या हातात नाही.” खरं आहे. ते शेठच्या हातात आहे. पण पुढच्या यंत्रात त्यानं पट्ट्यापाशी एक बटण ठेवलं. घोळका आला की बाईंनी ते दाबायचं, आणि त्या क्षणाची यंत्राची सगळी नोंद जपली जाते. पुढच्या वेळी दोष कुणाचा, हे विचारायला शेठना कुणाची मजुरी कापावी लागणार नाही.